साठ किलो तांबे आणि एक रांजण

१९७४ साली पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे, डेक्कन कॉलेजची मंडळी जुन्या वस्तीचे, पांढरीचे एक टेकाड थराथराने उलगडत होती. १९६८ मध्ये सुरू झालेले ते काम पुढे १९८३ पर्यंत चालले. १९७४ मध्येच तेथून उत्तरेला सुमारे १०० किलोमीटर अंतरावर, प्रवरेच्या डाव्या तीरावरील दायमाबाद या उजाड जागी, एक भिल्ल शेतकरी झाडाची मुळे काढण्यासाठी खणत असताना त्याच्या हाताला धातूच्या चार वस्तू लागल्या. एका ठिकाणी शास्त्रशुद्ध उत्खननाची इतकी वर्षे, तर दुसऱ्या ठिकाणी कुदळीचे काही घाव. या दोन्ही ठिकाणांनी मागे ठेवलेली कोडी अजून सुटलेली नाहीत. परंतु ती एकाच जातीची नाहीत, असे मला गेली अनेक वर्षे वाटत आले आहे, आणि त्यांपैकी एका जातीच्या कोड्याकडे आपले लक्ष फारच कमी जाते.

आधी दायमाबादविषयी. त्या चार वस्तू म्हणजे बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. रथाची लांबी ४५ सेंटिमीटर आहे. त्यावर सुमारे १६ सेंटिमीटर उंचीचा एक पुरुष ताठ उभा आहे, पुढे दोन बैल आहेत, आणि रथाच्या लांब दांड्यावर एक कुत्रा उभा आहे. रेडा चार चाकांच्या पाटावर आहे. गेंड्याच्या पायांखाली दोन आडव्या पट्ट्या असून प्रत्येक पट्टीला भरीव चाकांची एक जोडी आहे. हत्तीची चाके आता राहिलेली नाहीत. मेणाचा नमुना करून, त्यावर माती लिंपून, मेण वितळवून काढल्यावर साच्यात धातू ओतण्याची जी पद्धत आहे, तिने या मूर्ती घडवलेल्या आहेत. त्या आतून पोकळ नाहीत, भरीव आहेत, आणि चौघांचे मिळून वजन साठ किलोहून अधिक भरते. रथ दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला; तिन्ही प्राणी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. छायाचित्रांत हे प्राणी खेळण्यांसारखे वाटतात, तो समज समोर उभे राहिल्यावर टिकत नाही. हे लहान मुलाने दोरी बांधून ओढावे असे खेळणे नव्हे. ते हलवायला मोठ्या माणसाचे हात लागले असतील, आणि चाके आहेत त्या अर्थी ते कोठेतरी, कशासाठी तरी, लोकांसमोरून नेले जात असावेत, एवढे अनुमान पाहणाऱ्याच्या मनात आपोआप उमटते.

या वस्तूंचे खरे आश्चर्य मात्र त्यांच्या घडणीपेक्षा वजनात आहे. दख्खनचे पठार काळ्या पाषाणाचे, म्हणजे बेसाल्टचे. त्यात गारगोटी, अकीक, चाल्सेडनी हवी तेवढी मिळते, पण तांब्याच्या खाणी नाहीत. त्यामुळे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात प्रवरा, गोदावरी आणि भीमा यांच्या खोऱ्यांत राहणारे शेतकरी रोजच्या कापाकापीसाठी चाल्सेडनीच्या बारीक पात्या वापरत. तांबे बाहेरून येई आणि ते जपून वापरले जाई. मणी, बांगडी, गळ, छिन्नी, क्वचित एखादी चपटी कुऱ्हाड असा त्याचा पसारा. नेवाशाच्या उत्खननात एका लहान मुलाच्या गळ्याभोवती तांब्याच्या मण्यांची माळ सापडली आणि मणी ज्या दोऱ्यात ओवले होते त्या दोऱ्याचे रेशमी व सुती तंतू तांब्याच्या गंजामुळे टिकून राहिले. तांबे म्हणजे काय होते, हे त्या माळेवरून कळते. अशा प्रदेशात, अशा काळात, कोणी साठ किलो धातू एकत्र करून तो चार मूर्तींत ओतला असेल, तर त्यामागे केवढी संपत्ती, केवढी व्यापाराची साखळी आणि कसली सत्ता असावी? की मुळात तो काळच वेगळा असावा?

वाद नेमका येथेच आहे. दायमाबादच्या उत्खननाशी संबंधित असलेले म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी या पुरातत्त्वज्ञांनी या वस्तू उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या टप्प्यातील, ढोबळमानाने चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या. त्यांचा आधार परिस्थितिजन्य होता. दायमाबादला उत्तर हडप्पा काळाचा थर आहे, हडप्पा लिपीची चिन्हे असलेल्या मुद्रा आणि खापरे तेथे मिळाली आहेत, आणि हडप्पा संस्कृतीच्या खुणा दक्षिणेत इतक्या खोलवर पोहोचल्याचे ते एक टोकाचे ठिकाण आहे. उलट डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या विश्लेषणाकडे बोट दाखवले. या वस्तूंत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे, असे मिश्रण या भागातील ताम्रपाषाणयुगाच्या इतर वस्तूंत दिसत नाही, तेव्हा त्या बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातील असू शकतील, असे त्यांचे म्हणणे. त्यावर, हडप्पा संस्कृतीच्या काही वस्तूंत आर्सेनिक आढळतेच, असा प्रतिवाद करता येतो. तांब्याचे वय कार्बन-१४ पद्धतीने काढता येत नाही, कारण त्या पद्धतीला कोळसा, हाड, धान्य असे एके काळी जिवंत असलेले काहीतरी लागते. ओतीव मूर्ती पोकळ असती तर आतील मातीच्या गाभ्यावरून काही हाती लागले असते, पण या मूर्ती भरीव आहेत.

मोहेंजोदडोच्या त्या प्रसिद्ध मुद्रेची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. योगासनात बसलेल्या शिंगधारी पुरुषाच्या एका बाजूला हत्ती आणि वाघ, दुसऱ्या बाजूला गेंडा आणि रेडा. दायमाबादला हत्ती आहे, गेंडा आहे, रेडा आहे, आणि रथावर एक पुरुषही आहे. त्या पुरुषाच्या गुह्यांगावर नागाच्या फण्यांसारखी रचना असल्यामुळे अभ्यासकांनी त्याचा संबंध पशुपतीशी जोडून पाहिला आहे. मोह मोठा आहे, हे मी नाकारत नाही. चौथा प्राणी, तो वाघ, अजून जमिनीत असेल काय, असा प्रश्न मलाही पडलेला आहे. परंतु तीन प्राणी जुळले म्हणजे धर्म जुळला असे होत नाही, आणि ज्या वस्तूचा काळच ठरलेला नाही, तिच्यावरून देवाची वंशावळ मांडणे म्हणजे पाया न भरता माडी बांधणे होय.

या वस्तू शेतकऱ्याऐवजी उत्खननकर्त्याच्या हाती लागल्या असत्या तर काय झाले असते? त्या ज्या खड्ड्यात ठेवल्या होत्या, त्या खड्ड्याची कड दिसली असती. खड्डा कोणत्या थरातून खणला गेला, त्यात शेजारी कोणती खापरे होती, राख होती की धान्य, वस्तू नीट मांडून ठेवल्या होत्या की घाईघाईने कोंबल्या होत्या, हे सारे नोंदले गेले असते, आणि पन्नास वर्षांचा वाद कदाचित पन्नास ओळींत संपला असता. यात त्या शेतकऱ्याचा काडीइतका दोष नाही. त्याला जे सापडले ते वितळवून विकण्याऐवजी जगासमोर आले, हेच आपले भाग्य. त्यानंतर दायमाबादला नव्याने, मोठ्या प्रमाणावर उत्खनन झाले, त्यातून सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचे एकावर एक थर उलगडले आणि इसवी सनापूर्वी सुमारे १००० पर्यंतचा हजारएक वर्षांचा पट डोळ्यांसमोर आला. महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाच्या दृष्टीने ते थर त्या चार मूर्तींहून मोलाचे आहेत असे माझे मत आहे. मात्र दायमाबाद म्हटले की लोकांना रथ आठवतो, थर आठवत नाहीत.

आपल्याकडे प्राचीन गूढांविषयी जे काही फिरते, त्याचा ओघ नेहमी अशाच भव्य, सुट्या वस्तूंकडे असतो. वेरूळचे कैलास लेणे परग्रहवासीयांनी कोरले, असा संदेश मला कोणी ना कोणी ठरावीक काळाने पाठवतो. राष्ट्रकूट घराण्याच्या इसवी सन ८१२ च्या सुमाराच्या, वडोद्यात मिळालेल्या ताम्रपटात कृष्णराजाने बांधवलेल्या त्या मंदिराचे वर्णन आहे, आणि ते घडवल्यावर स्वतः स्थपतीलाच, हे आपल्या हातून कसे झाले, असा विस्मय वाटला, असेही त्यात म्हटले आहे. त्या अनाम स्थपतीचा विस्मय पाठवण्यासारखा आहे. पण तो कोणी पाठवत नाही.

आता इनामगावकडे वळतो. तेथे खजिना सापडला नाही. जे सापडले ते चुली, पेवे, कुडाच्या भिंतींच्या खुंटांचे खड्डे, सारवलेल्या जमिनी, जनावरांची हाडे, जळके धान्य आणि खापरांचे ढीग. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे जे काम झाले, ते एका प्राचीन खेड्याचे चरित्र लिहिण्याचे काम होते. शंभराहून अधिक घरांचे अवशेष उघडे झाले. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास माळवा संस्कृतीचे लोक तेथे वसले, १४०० पासून जोर्वे संस्कृतीचा काळ सुरू झाला आणि ७०० च्या सुमारास वस्ती संपली. त्यांचे मुख्य धान्य सातू होते, ते गुरे पाळत, शिकार करत, मासे मारत. शेताला पाणी देण्यासाठी त्यांनी कालवा आणि बांध घातला होता. गावाच्या मध्यभागी एक पाच खोल्यांचे घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार. गावाचा प्रमुख तेथे राहत असावा आणि धान्याच्या रूपाने येणारा कर तेथे साठवला जात असावा, असा तर्क करण्यात आला आहे. कोठाराची किल्ली ज्याच्या हाती, सत्ता त्याच्या हाती, ही गोष्ट महाराष्ट्रातील खेड्याला समजावून सांगावी लागत नाही.

या लोकांची भांडी मी प्रथम पाहिली ती काचेआड. नंतर एका अभ्यासक स्नेह्यांनी जोर्वे खापराचा एक तुकडा तळहातावर ठेवला आणि नखाने टिचकी मारून बघायला सांगितले. मातीच्या तुकड्यातून धातूसारखा खणखणीत आवाज निघाला. लाल पृष्ठभाग, त्यावर काळ्या रंगाची तिरपी, नेमकी रेघ, आणि तुटलेल्या कडेला आतपर्यंत एकसारखा भाजल्याचा रंग. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले, तेथे ही भांडी प्रथम नीट ओळखली गेली, आणि त्या एका छोट्या गावाचे नाव महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पसरलेल्या संस्कृतीला मिळाले. लांब तोटीचा कुंभ ही त्यांची खास ओळख. हा कुंभार भट्टीतील उष्णता इतक्या ताब्यात ठेवू शकत होता, हे त्या टिचकीने मला जितके पटले तितके कोणत्याही वर्णनाने पटले नव्हते.

आणि तरीही, ज्यांची चूल आणि ताट आपल्याला माहीत आहे, त्यांच्या मनाच्या दाराशी आपण अडतो. इनामगावात दोनशेहून अधिक दफने मिळाली, त्यांतील बहुसंख्य लहान मुलांची. मूल दगावले की त्याचे शरीर दोन राखी रंगाच्या कुंभांत ठेवत, कुंभांची तोंडे एकमेकांना भिडवून ते आडवे करत, आणि घराच्या जमिनीखाली खड्डा घेऊन पुरत. जवळ एखादे लहान भांडे ठेवलेले असे. वर पुन्हा सारवून संसार चालू. मोठ्या माणसांना उत्तरेकडे डोके करून उताणे पुरत, परंतु पुरण्यापूर्वी त्यांची पावले घोट्याखाली तोडत. हा एखाद्या क्रूर प्रसंगाचा अवशेष नाही, कारण ते पुन्हा पुन्हा आढळते, आणि इनामगावबाहेरही आढळते. ज्यांच्यासोबत आयुष्य काढले त्या आईची, बापाची पावले कोणीतरी आपल्या हातांनी तोडत असे, आणि त्या घरातच, अंगणातच त्यांना ठेवत असे.

का? मृताने उठून निघून जाऊ नये, किंवा भूत होऊन फिरू नये, म्हणून, असे स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे दिले जाते. आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात ही समजूत लहानपणापासून कानावर पडलेली असल्याने हे स्पष्टीकरण मराठी माणसाला चटकन पटते. मला त्याची ही सहजताच थोडी संशयास्पद वाटते. इनामगाव ओसाड पडल्यापासून आजपर्यंत अडीच हजारांहून अधिक वर्षे गेली आहेत, मध्ये भाषा बदलल्या, देव बदलले, प्रेत पुरणारे जाळू लागले. एवढ्या अंतरावरून एक समजूत अखंड चालत आली असेल, तर ते दाखवून द्यावे लागेल. शिवाय भीतीने पावले तोडली असतील तर मृताला गावाबाहेर नेऊन टाकणे अधिक सोपे होते. घरात पुरणे म्हणजे जवळ ठेवणे. तेव्हा हे भयापोटी होते की मायेपोटी, म्हणजे त्याने आपल्याला सोडून जाऊ नये यासाठी, हे हाडांवरून ठरत नाही. मुलांची पावले मात्र तोडलेली नसतात. ज्याला अजून नीट चालता येत नाही ते कोठे जाणार, असा त्यामागचा विचार असेल, असे मला वाटते. पण ते माझे वाटणे आहे.

या नियमाला एक अपवाद निघाला, आणि तोच इनामगावचा सर्वांत विलक्षण शोध ठरला. त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात कच्च्या मातीचा, मोठ्या पोटाचा आणि चार आखूड पायांचा एक रांजण पुरलेला होता. त्यात सुमारे चाळीस वर्षे वयाच्या पुरुषाचा सांगाडा मांडी घालून बसलेल्या स्थितीत होता. त्याची पावले शाबूत होती. हा गावाचा प्रमुख असावा, या तर्काला घराची जागा, कोठाराचे सान्निध्य आणि दफनाचे वेगळेपण या तिन्हींचा आधार आहे. प्रश्न तरीही उरतो. इतरांची पावले तोडायची आणि याची ठेवायची, तर हा उठून चालू लागला तरी चालणार होते काय? की रांजणालाच पाय दिले होते, म्हणून माणसाच्या पायांची धास्ती नव्हती? येथे आपल्याला थर माहीत आहे, घर माहीत आहे, शेजार माहीत आहे, माणसाचे वय माहीत आहे. दायमाबादला ज्याचा अभाव होता ते सगळे येथे हजर आहे. आणि हे सगळे असताना कोडे उरते, म्हणूनच ते मला अधिक खोल वाटते. दायमाबादचे कोडे उद्या एखाद्या नव्या परीक्षणाने सुटू शकेल, कारण ते माहितीच्या अभावाचे आहे. रांजणातील माणसाचे कोडे माहिती वाढली तरी सुटेलच असे नाही.

असाच आणखी एक शोध एका घराच्या जमिनीखाली झाला. मातीची एक लंबगोल पेटी, तिला झाकण, आत एक स्त्रीमूर्ती. झाकणावर दुसरी एक स्त्रीमूर्ती ठेवलेली, तिला शिर नाही, आणि तिच्याजवळ मातीचा एक बैल. बिनशिराच्या मूर्तीच्या पोटाला एक छिद्र आहे आणि बैलाच्या पाठीलाही. दोन्हींत एक काडी घातली की ती स्त्री बैलावर स्वार होते. हे सगळे न भाजलेल्या मातीचे आहे. ज्यांना भट्टी इतकी उत्तम अवगत होती त्यांनी देवी मात्र कच्ची ठेवली, हे अज्ञानाने झालेले नाही. पार्थिव मूर्ती काही दिवसांपुरती घडवायची, पूजायची आणि मग तिची पाठवणी करायची, ही रीत आपल्याला अनोळखी नाही, आणि इनामगावची देवीही अशीच एखाद्या विशिष्ट प्रसंगापुरती असावी, असे सुचवले गेले आहे. पुढे ऐतिहासिक काळात तेरसारख्या ठिकाणी शिर नसलेल्या देवीच्या मूर्ती मिळतात, त्यामुळे नाते जोडण्याचा मोह होतो. मधली शतके रिकामी आहेत, हे लक्षात ठेवून तो मोह बाजूला ठेवलेला बरा.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास प्रवरा आणि गोदावरीच्या खोऱ्यांतील जोर्वे गावे ओस पडली. दायमाबादही त्यांत गेले. भीमेच्या खोऱ्यातील इनामगाव तग धरून राहिले, पण कसे, ते घरांवरून दिसते. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती रोडावली, भांड्यांवरील नक्षी कमी झाली, शिकारीवरील भिस्त वाढली. मुलांच्या दातांवर आणि हाडांवर उपासमारीच्या व आजारपणाच्या खुणा अभ्यासकांनी नोंदल्या आहेत. पाऊसमान घटले आणि अवर्षणाने ही वाताहत झाली, अशी मांडणी ढवळीकरांनी केली. केवळ दुष्काळाने एवढे होते काय, की जमिनीचा कस, वाढलेली तोंडे आणि शेतीची पद्धत यांचाही त्यात हात होता, यावर पुढे चर्चा झाली आहे. अवर्षण आणि स्थलांतर एकाच वाक्यात वाचायची सवय असलेल्या प्रदेशात आपण राहतो, म्हणून पहिले उत्तर आपल्याला पुरेसे वाटते. पण हे लोक त्याआधीही कोरड्या हवेतच चार-सहा शतके नांदले होते, याचाही हिशेब द्यावा लागतो.

शेवटी ते गेले कोठे, याचे उत्तर हाडांतील डीएनए देईल अशी आशा आता धरली जाते. उष्ण हवामानात डीएनए फार लवकर नष्ट होतो. हरियाणातील राखीगढी येथील साठाहून अधिक नमुने तपासल्यावर एका स्त्रीच्या सांगाड्यातून अभ्यासाजोगा जनुकीय मजकूर हाती लागला आणि २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्या संशोधनात डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे प्रमुख होते. घोड नदीच्या काठच्या हाडांतून असे काही निघालेच, तर इनामगावकर कोणाचे पूर्वज होते आणि कोणाचे वंशज, हे कळेल. अंगणातील त्या माणसाची पावले का राखली, हे त्याच्या नातलगांना माहीत होते, आणि त्यांनी ते लिहून ठेवले नाही, कारण त्यांना लिहिता येत नव्हते आणि सांगायची गरजही नव्हती. गावात सर्वांनाच ते ठाऊक होते.